वाचकाचा पत्ता

४ डिसेंबर २००९ हा दिवस कोणत्याही दिनदर्शिकेत ठळक अक्षरांनी छापलेला आढळणार नाही. त्या दिवशी कॅलिफोर्नियातील गूगल या कंपनीने एक लहानसे निवेदन प्रसिद्ध केले, एवढेच काय ते घडले. आपले शोधयंत्र यापुढे सर्वांना सारखी उत्तरे देणार नाही, असा त्या निवेदनाचा आशय होता. ज्याने कंपनीकडे आपले नाव नोंदविले आहे, त्याला त्याच्या आवडीप्रमाणे उत्तरे देण्याची सोय त्यापूर्वीच झालेली होती. आता ज्याने नाव सांगितलेले नाही अशा अनोळखी माणसासही, त्याच्या यंत्रावरून गेल्या १८० दिवसांत झालेल्या शोधांचा माग घेऊन, उत्तरांचा क्रम निराळा लावून मिळणार होता.

याचा अर्थ एका उदाहरणाने स्पष्ट होईल. 'पानिपत' हा एकच शब्द तीन माणसांनी या यंत्राला विचारला, अशी कल्पना करावी. पहिला इंदूरचा इतिहासाचा विद्यार्थी; त्याच्यापुढे १७६१ च्या रणसंग्रामाची हकीकत प्रथम यावी. दुसरा हैदराबादचा कापडाचा व्यापारी. त्याला पानिपतच्या घोंगड्यांची आणि सतरंज्यांची बाजारपेठ आधी दिसावी. तिसरा चित्रपटांचा शौकीन. त्याला त्याच नावाचा चित्रपट सुचवावा. तिघांनीही पान उघडले, तिघांनाही उत्तर मिळाले, आणि आपल्याला जे दिसले तेच सर्वांना दिसत असेल, असा तिघांचाही समज झाला. सोय म्हणून पाहिले तर यात वावगे काही नाही. वस्तुतः तिघांचाही वेळ वाचला. परंतु इतिहासाच्या दृष्टीने पाहता, दोन हजार वर्षांहून अधिक काळ चालत आलेली एक व्यवस्था त्या दिवशी मोडली. ती व्यवस्था म्हणजे, सूची सर्वांसाठी एक असते, ही होय.

ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाशी संबंधित असलेल्या कॅलिमॅकस या कवीने ग्रीक वाङ्मयाची एक विस्तृत सूची तयार केली होती. तिच्या १२० गुंडाळ्या होत्या, असे परंपरा सांगते. आज तिचे तुटक अवशेषच उरले आहेत. पण ग्रंथांचा साठा वाढला की त्यांच्याकडे नेणारी वाट निराळी बांधावी लागते, हा धडा तिने जगाला दिला. त्यानंतर कित्येक शतकांनी, १८९५ मध्ये, पॉल ऑटले आणि आंरी ला फोंतेन या दोन बेल्जियन विद्वानांनी ब्रुसेल्स येथे जगातील सर्व छापील ग्रंथांची नोंद करण्याचा संकल्प सोडला. लहान लहान पत्त्यांवर केलेल्या या नोंदींची संख्या पुढे एक कोटीच्या वर गेली. कोणीही टपालाने प्रश्न पाठवावा, ठरलेले शुल्क भरावे, आणि त्या विषयावरील नोंदींची नक्कल घरबसल्या मिळवावी, अशी तेथे व्यवस्था होती. शोधयंत्राची कल्पना विजेच्या यंत्रावाचून प्रत्यक्षात आणण्याचा हा प्रयत्न होता, असे म्हणण्यास हरकत नाही. मराठीत शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची एकहाती चिकाटीने सिद्ध केली. या सर्व सूच्यांचा एक समान धर्म होता. दाते यांची सूची मुंबईच्या वाचकाला एक आणि बडोद्याच्या वाचकाला दुसरी दिसत नसे. सूचीकाराला ग्रंथ ठाऊक होते. वाचक कोण, हे त्याला ठाऊक नव्हते, आणि त्याची त्याला आवश्यकताही नव्हती.

वाचकाची ओळख करून घेण्याचा आग्रह धरला तो एका भारतीय ग्रंथपालाने. मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल शियाली रामामृत रंगनाथन् यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा, आणि वाचकाचा वेळ वाचावा, ही त्यांपैकी तीन सूत्रे. व्यक्तिगणिक शोधाचे सारे तत्त्वज्ञान या तीन सूत्रांत सामावलेले आहे. गणिताचे अध्यापक असलेले रंगनाथन् या यंत्रयुगाच्या कितीतरी आधी त्याच ध्येयापर्यंत पोहोचले होते. भेद आहे तो साधनांत आणि हेतूंत. ग्रंथपाल वाचकाला समोर बसवून त्याची गरज विचारी. आपली ओळख कोणी करून घेतली आणि कशासाठी, हे वाचकाला ठाऊक असे. आणि ती ओळख ग्रंथपाल कोणाला विकत नसे.

ग्रंथपालाप्रमाणे वाचकाला ओळखणारा दुसरा माणूस म्हणजे प्रकाशक. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या दशकांत श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस खंड सिद्धीस नेले. त्यामागे सरकारी तिजोरी नव्हती. नागपूर येथे ज्ञानकोशमंडळ स्थापन करून आणि मराठी माणूस जेथे जेथे आहे तेथे तेथे हिंडून त्यांनी वर्गणीदार मिळविले. खंड छापून झाला की तो कोणत्या गावी, कोणाच्या घरी जावयाचा, हे मंडळाच्या वहीत लिहिलेले असे. वर्तमानपत्रे आणि मासिके यांचाही संसार असाच चालत आला. वर्गणीदारांच्या नावांची आणि पत्त्यांची वही ही प्रकाशकाची खरी मत्ता होती. छापखाना गहाण पडला तरी चालेल, पण ही वही हातची जाता कामा नये. जाहिरातदारही प्रकाशकाच्या दाराशी येई तो या वहीसाठीच. कारण वाचकापर्यंत पोहोचण्याचा मार्ग त्याच्या अंकाच्या पानावरून जात होता.

अशा रीतीने दोन याद्या जगात निरनिराळ्या हातांत होत्या. ग्रंथांची यादी सूचीकाराच्या हाती, आणि वाचकांची यादी प्रकाशकाच्या हाती. गेल्या तीस वर्षांत या दोन्ही याद्या एकाच हाती कशा गेल्या, हा खरोखर अभ्यासाचा विषय आहे.

टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली जिनीव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत महाजालाची कल्पना मांडली, आणि थोड्याच वर्षांत जगभरची पाने एकमेकांशी दुव्यांनी जोडली जाऊ लागली. पाने वाढली तशी शोधयंत्रे निघाली. ही यंत्रे पानांची नक्कल करून नेत आणि तिच्यावरून सूची बनवीत. १९९४ साली एक साधा संकेत रूढ झाला. ज्याला आपल्या पानांची नक्कल नको असेल, त्याने आपल्या दारावर तशी पाटी लावावी, आणि यंत्रांनी ती वाचून परत फिरावे. या संकेतामागे कायद्याचे बळ नव्हते. तो केवळ शिष्टाचार होता. बहुतेक प्रकाशकांनी अशी पाटी लावली नाही, कारण आत आलेले यंत्र जाताना नक्कल घेऊन जाई आणि पुढे त्याच दाराशी वाचक पाठवी. मजकूर द्यावा आणि वाचक घ्यावा, असा हा अलिखित करार होता. पुढील पाव शतकाचे प्रकाशन या करारावर उभे राहिले.

१९९८ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनी आपल्या नव्या शोधयंत्राची रचना एका प्रबंधात मांडली. ज्या पानाकडे अधिक आणि वजनदार पाने बोट दाखवितात ते पान अधिक महत्त्वाचे, असे त्यांचे सूत्र होते. प्रबंधाच्या परिशिष्टात त्यांनी एक इशाराही दिला होता. जाहिरातींवर जगणारे शोधयंत्र वाचकाच्या गरजेपेक्षा जाहिरातदाराकडे झुकेल, ही भीती त्यांनी स्पष्ट शब्दांत नोंदविली होती. त्याच वर्षी त्यांनी गूगल कंपनी स्थापन केली, आणि २००० साली त्याच कंपनीने शोधलेल्या शब्दांवर जाहिराती विकण्यास आरंभ केला. हा केवळ ढोंगीपणा होता, असे म्हणणे सोपे आहे. परंतु न्याय्य नाही. शोध सर्वांना फुकट द्यावयाचा आणि यंत्रांचा अफाट खर्चही भागवावयाचा, तर पैसा कोठून तरी यावयास हवा होता. तो वाचकाकडून आला नाही. म्हणून वाचकाच्या ओळखीतून आला.

व्यक्तिगणिक शोधाचा प्रवेश या वाटेने झाला. २००३ साली गूगलने स्टॅनफर्डच्याच काही संशोधकांची काल्टिक्स नावाची लहान कंपनी विकत घेतली. पानांचे महत्त्व प्रत्येक वाचकापुरते वेगळे कसे मोजावे, याचे गणित त्यांनी बसविले होते. २००४ साली प्रयोग झाला, २००५ साली नोंदणी केलेल्या लोकांना ती सोय मिळाली, आणि २००९ मध्ये ती सर्वांसाठी खुली, किंबहुना सर्वांवर लागू, झाली. धोक्याची घंटा वाजविणारेही होते. निकोलस निग्रोपाँटी यांनी १९९५ साली प्रत्येकाचे स्वतःपुरते दैनिक निघेल, असे उत्साहाने सांगितले होते. त्याच कल्पनेत कॅस सनस्टीन या कायदेपंडिताने २००१ साली लोकशाहीला असलेला धोका दाखविला. दहा वर्षांनी एली पॅरिसर यांनी, माणूस आपल्याच आवडीच्या बुडबुड्यात कोंडला जातो, असा सिद्धांत मांडला. हा बुडबुडा सांगितला जातो तितका जाड आहे की नाही, याविषयी मतभेद आहेत. खुद्द गूगलनेही २०१८ साली, आपल्या शोधात व्यक्तीनुसार पडणारा फरक अल्पच असतो आणि तो मुख्यतः स्थळ व नुकताच केलेला शोध यांवर अवलंबून असतो, असे सांगितले. तथापि त्याच वर्षी कंपनीने मोबाइलवरील आपल्या लेखांच्या प्रवाहाला डिस्कव्हर हे नाव देऊन तो अधिक विस्तारला. तेथे प्रश्न विचारावाच लागत नाही. वाचकाला काय आवडेल हे ओळखून लेख आपण होऊन पुढ्यात येतात.

प्रकाशकाच्या दृष्टीने पाहिले तर खरा आघात उत्तरांच्या क्रमापेक्षा जाहिरातीच्या व्यवहारात झाला. पूर्वी जाहिरातदाराला वाचक हवा असेल तर वर्तमानपत्राचे पान विकत घ्यावे लागे. आता वाचक कोण, कोठे आहे आणि काय शोधतो, हे शोधयंत्राला ठाऊक असल्यामुळे जाहिरातदार पान सोडून वाचकच विकत घेऊ लागला. तो वाचक गंभीर साप्ताहिकाच्या पानावर भेटतो की एखाद्या फालतू संकेतस्थळावर, हे गौण ठरले. वर्गणीदारांची वही न चोरताच निरुपयोगी झाली. प्रकाशकाच्या दाराशी पूर्वी कधी नव्हती एवढी गर्दी जमली; पण त्या गर्दीतील एकाचेही नाव त्याला माहीत नव्हते.

या परिस्थितीविरुद्ध प्रकाशकांनी झुंज दिली नाही, असे नाही. तिचा एक प्रसंग विशेष बोधप्रद आहे. जर्मनीत २०१३ साली प्रकाशकांना आपल्या मजकुराच्या उताऱ्यांवर हक्क देणारा कायदा झाला. पुढील वर्षी आक्सेल श्प्रिंगर या बलाढ्य प्रकाशनसंस्थेने, मोबदला मिळाल्यावाचून आपल्या चार संकेतस्थळांचे उतारे आणि छायाचित्रे दाखविण्यास गूगलला मनाई केली. अवघ्या दोन आठवड्यांत शोधातून येणारे वाचक सुमारे ४० टक्क्यांनी घटले, आणि गूगलच्या वृत्तविभागातून येणारे सुमारे ८० टक्क्यांनी. हे आकडे संस्थेनेच जाहीर केले, आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये मनाई मागे घेतली. युरोपातील इतका मोठा प्रकाशकही आपल्या वाचकापर्यंत स्वतःच्या पायांनी पोहोचू शकत नाही, हे त्या दोन आठवड्यांत सिद्ध झाले. पुढे २०१९ साली युरोपच्या न्यायालयाने, आवश्यक ती पूर्वसूचना न देता केलेला म्हणून, तो जर्मन कायदाच अंमलबजावणीस अपात्र ठरविला. स्पेनमध्ये मोबदला सक्तीचा होताच गूगलने डिसेंबर २०१४ मध्ये तेथील वृत्तसेवा बंद केली. ती २०२२ साली पुन्हा सुरू झाली.

मात्र राज्यसंस्था मध्ये पडली, तेथे चित्र थोडे पालटले. फ्रान्सच्या स्पर्धानियामक संस्थेने प्रकाशकांशी सचोटीने वाटाघाटी न केल्याबद्दल गूगलला २०२१ साली ५० कोटी युरोंचा दंड केला. ऑस्ट्रेलियाने त्याच वर्षी वाटाघाटी अनिवार्य करणारा कायदा केला. कॅनडाच्या २०२३ च्या कायद्यानंतर गूगलने वर्षाला १० कोटी कॅनेडियन डॉलर देण्याचे मान्य केले. पण फेसबुकची मालक कंपनी मेटा हिने तेथे बातम्या दाखविणेच थांबविले. भारतात वृत्तप्रकाशकांच्या तक्रारीवरून स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२२ मध्ये गूगलच्या चौकशीचा आदेश दिला. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेतील न्यायाधीश अमित मेहता यांनी, गूगलने शोधव्यवसायातील मक्तेदारी बेकायदेशीरपणे टिकविली, असा निर्णय दिला.

परंतु न्यायालये जुन्या कराराचा निवाडा करीत असतानाच करार बदलत होता. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी ओपनएआय या कंपनीने चॅटजीपीटी लोकांपुढे ठेवले, आणि प्रश्नाला दुव्यांची यादी न देता सलग भाषेत उत्तर देणारे यंत्र घरोघर पोहोचले. मे २०२४ मध्ये गूगलनेही अमेरिकेत शोधाच्या माथ्यावर कृत्रिम बुद्धिमत्तेने रचलेला सारांश देण्यास आरंभ केला. त्याच वर्षी तो भारतातही आला. प्यू या अमेरिकन संशोधनसंस्थेने मार्च २०२५ मधील शोधांची पाहणी केली. सारांश दिसला नाही तेव्हा १५ टक्के प्रसंगी लोकांनी एखाद्या दुव्यावर टिचकी मारली होती. सारांश दिसला तेव्हा केवळ ८ टक्के प्रसंगी. उत्तर दाराबाहेरच मिळाले, तर आत कोण जाणार? त्याच वर्षी गूगलने, वाचकाची संमती असल्यास त्याचे पूर्वीचे शोध आणि त्याचा टपालव्यवहारही लक्षात घेऊन उत्तर देण्याची योजना जाहीर केली. म्हणजे यापुढे क्रम तर व्यक्तिगणिक बदलेलच. पण उत्तराचा मजकूरच प्रत्येकासाठी वेगळा रचला जाईल. प्रकाशकाने लिहिलेले वाक्य त्यात कच्च्या मालासारखे वितळून जाईल. मजकूर द्यावा आणि वाचक घ्यावा, या करारातील पहिले कलम राहिले. दुसरे पुसट होत चालले आहे. न्यूयॉर्क टाइम्सने डिसेंबर २०२३ मध्ये ओपनएआय व मायक्रोसॉफ्ट यांच्यावर केलेला दावा, आणि एएनआय या भारतीय वृत्तसंस्थेने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात ओपनएआयवर दाखल केलेला दावा, हे याच कलमासाठी आहेत.

यातून पुढे काय होणार, याचे काही आडाखे इतिहासच बांधून देतो. एक तर हे की, नवे साधन मागे फिरवता येत नाही. वाचकाला हवे ते उत्तर त्याच्या भाषेत, त्याच्या समजुतीच्या पातळीवर मिळत असेल, तर ते नाकारण्याचा उपदेश कोणी ऐकणार नाही. आणि त्याने तो का ऐकावा? रंगनाथन् यांना वाचकाचा वेळ वाचवावयाचाच होता. दुसरे असे की, सारांश करणारे यंत्र कितीही कुशल असले तरी सारांशासाठी मूळ मजकूर लागतो. जिल्हा परिषदेच्या सभेत कोणी तरी जाऊन बसल्याशिवाय त्या सभेची बातमी जन्माला येत नाही, आणि दफ्तरखान्यात कोणी तरी धूळ खाल्ल्याशिवाय इतिहास लिहिला जात नाही. ज्याने हे कष्ट घेतले त्याच्यापर्यंत वाचकही पोहोचला नाही आणि पैसाही पोहोचला नाही, तर तो काही काळाने लिहिणे थांबवील. विहिरीचे पाणी उपसणारा यंत्राचा मालक झरे बुजले की कोरडाच पडणार. मात्र तोपर्यंत विहीर बांधणारा घर सोडून गेलेला असेल.

मोठ्या भाषांपेक्षा मराठीसारख्या भाषेला ही गोष्ट अधिक जाचक आहे. २०११ च्या जनगणनेत मराठी ही आपली मातृभाषा म्हणून सांगणाऱ्यांची संख्या सुमारे ८ कोटी ३० लाख होती. बोलणाऱ्यांची ही संख्या थोडी नव्हे. पण महाजालावरील मराठी मजकुराचा साठा त्या मानाने तोकडा आहे. मोठ्या दैनिकांना यंत्रांच्या मालकांशी करार करता येतात. सांगली-सोलापूरच्या साप्ताहिकाला किंवा बेळगावच्या छोट्या प्रकाशकाला वाटाघाटीच्या मेजाशी खुर्ची कोण देणार? शिवाय ज्याला त्याला वेगळे उत्तर मिळू लागले, तर ज्या विषयावर समाजाने एकत्र बसून भांडावे, तो विषय सर्वांच्या समोर येणे दुरापास्त होईल. मतभेद होण्यासाठीही दोघांनी एकच पान वाचलेले असावे लागते. केसरीतील अग्रलेखावर चावडीत वाद होई. कारण तो अग्रलेख चावडीतील सर्वांनी एकच वाचलेला असे.

म्हणून जगभरचे शहाणे प्रकाशक आज पुन्हा एका जुन्या वहीकडे वळलेले दिसतात. शोधयंत्राने पाठविलेल्या गर्दीवर विसंबण्याऐवजी ते वर्गणीदार जोडीत आहेत, टपालपत्रे पाठवीत आहेत, वाचकाला नावाने ओळखू पाहत आहेत. हा मार्ग संथ आहे, आणि तो सर्वांना तारील असेही नाही. जो वाचक वर्गणी देऊ शकत नाही त्याच्यापर्यंत चांगला मजकूर कसा पोहोचावा, हा प्रश्न त्याने सुटत नाही. तो सोडविण्यासाठी सार्वजनिक ग्रंथालये, विद्यापीठे आणि कायदे यांनाच पुढे यावे लागेल. परंतु कोणत्याही कायद्याने एका गोष्टीची उणीव भरून निघणार नाही. केतकरांच्या वहीत ज्यांची नावे होती, त्यांनी पुढचा खंड अद्याप लिहिलाही गेला नसताना त्याचे पैसे दिले होते. तो ग्रंथ आपल्याला हवा आहे, हे त्यांनी आपण होऊन आणि स्वतःच्या नावाने सांगितले होते. आजचे यंत्र वाचकाची आवड त्याच्याही आधी ओळखते. पण वाचकाने आपल्या इच्छेने दिलेला पत्ता आणि यंत्राने हेरून काढलेला पत्ता या दोन गोष्टी एक नव्हेत. ग्रंथ निघतात ते पहिल्या पत्त्याच्या भरवशावर.